रुक्मिणचं उत्तर आलं नाही

भालकीच्या बसस्टँडसमोर जिथं शब्बीरभाईंचं सायबर कॅफे होतं, तिथं आता बांगड्यांचं दुकान आहे. बसवकल्याणच्या गाडीला अवकाश होता, म्हणून रस्ता ओलांडून मी त्या दुकानापुढं जाऊन उभी राहिले. गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, "काय दावू अक्का? लाखेच्या दावू का?" मी म्हटलं, काही नको, नुसती बघते. "बगा की. बगायला कोण अडवायलंय," म्हणून ती पुन्हा फोनमध्ये गुंतली. तिला काय सांगणार? जिथं तिनं हिरव्या बांगड्या टांगल्यात त्या भिंतीला लागून कडेचं मशीन होतं, आणि दोन स्टुलं जोडून त्याच्यापुढं आम्ही दोघी बसायचो. मी आणि रुक्मिण.

कॅफेला एक वास होता. उदबत्तीचा, तापलेल्या धुळीचा, आणि कारखान्याचा गळीत हंगाम असला की वाऱ्याबरोबर आत शिरणारा मळीचा आंबूस गोड वास. दारात देवळाबाहेर नसतील इतक्या चपला. "चपलां भार छोडको आओ बेटा, मशीनां धूल खातीं," असं शब्बीरभाई प्रत्येकीला म्हणायचे. आम्ही कितव्यांदा आलो आहोत याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. मग लाइन जोडली जायची. आधी शिट्टी, मग खरखर, मग कुणी पत्रा ओढत नेल्यासारखा आवाज. तो संपेपर्यंत आम्ही बोलायचो नाही, रुक्मिण तर हात जोडून बसायची. लाइट गेली की बॅटरीची टूंटूं सुरू व्हायची आणि सगळ्या पोरी दूध उतू जातंय अशा घाईनं बटणं बडवायला लागायच्या. तो शिट्टीचा आवाज आता जगात कुठं उरला नसेल. माझ्या पोराला तोंडानं काढून दाखवला तर तो म्हणाला, आई, पुरे.

कॅफेच्या वर, लोखंडी जिना चढून, रत्नमाला अक्कांचा कॉम्प्युटर क्लास होता. अक्का ठाणाकुशनूरच्या. त्यांच्या टेबलावर बुद्धाची पितळी मूर्ती होती, आणि वैशाखी पौर्णिमेला त्या डबाभर खीर आणून आधी ती आम्हाला खाऊ घालायच्या, मग कीबोर्डला हात लावू द्यायच्या. हात धुऊन! चिकट बटण सापडलं तर त्या दिवशी कुणाची खैर नसायची. मशीनं थोडी, पोरी जास्त, म्हणून एकेका मशीनवर दोघी. मला माऊसची भीती वाटायची. तो हातातून उंदरासारखाच पळायचा. म्हणून माऊस रुक्मिणकडं आणि टायपिंग माझ्याकडं. अर्धा कॉम्प्युटर ती शिकली, अर्धा मी. आजही एकटीनं काही करायचं म्हटलं की उजव्या हाताला कुणीतरी हवंसं वाटतं.

क्लास संपला त्या दिवशी अक्कांनी प्रत्येकीला ईमेलचा पत्ता काढून दिला आणि सगळे पत्ते बांधून एक ग्रुप केला. आता ग्रुप म्हटलं की फोनमधला, गुलाबाची फुलं आणि सुप्रभात असलेला डोळ्यांपुढं येतो. आमचा तसा नव्हता. एका पत्त्यावर पत्र टाकायचं, ते सगळ्यांच्या पेटीत पडायचं, एवढंच. अक्का म्हणाल्या, "लग्नं व्हतील, आडनावं बदलतील, गावं बदलतील. हा पत्ता बदलायचा न्हाई." त्या वयात आम्हाला लग्न एवढंच ऐकू आलं आणि आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत हसलो.

"हसू नका," अक्का म्हणाल्या. "पत्र पाठवणं सोपं झालंय म्हणून वागणं सोपं झालं असं समजू नका." आणि खडू घेऊन त्या फळ्याकडं वळल्या. तो फळा मला अजून दिसतो. इंग्रजीतून आलेले ते सगळे नियम अक्कांनी आमच्या स्टँडवर, आमच्या चुलीपाशी आणून बसवले होते.

"विषय लिवल्याबिगर मेल टाकायचा न्हाई. स्टँडवर काय व्हतंय? गाडीची पाटी कानडीत. तुमच्यातल्या निम्म्याजणी 'उदगीरला जाती का, उदगीरला जाती का' करत गाडीगाडीला फिरता. पाटी कोरी ठेवली की तुमीबी दुसऱ्याला तसंच फिरवता." जिच्या घरी मयत झालंय तिच्या पत्राखाली लोणच्याचा मसाला विचारायचा नाही, नवी गोष्ट, नवं पत्र. उत्तर देताना आधीचं अख्खं पत्र खाली लोंबकळत ठेवायचं नाही. जिच्यावर बोलायचं ती ओळ ठेवायची, बाकीचं कापायचं. एकीला सांगायचं ते सगळ्यांना गेलं नाही ना, हे बटण दाबायच्या आधी बघायचं, दाबल्यावर नाही. "आन राग आला तर आधी भाकरी थापा. भाकऱ्या झाल्यावरबी तेच लिवावं वाटलं तर लिवा." हा नियम मी इतका पाळला की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्या घरी भाकऱ्या उरायला लागल्या. लातूरच्या माझ्या सासरी त्याचं कारण कुणाला कळलं नाही.

रुक्मिणचं लग्न तेव्हा ठरलं होतं. आळंद तालुक्यात निंबर्ग्याला. तिच्या होणाऱ्या दिराचं तिथं खताचं दुकान होतं आणि त्यात गावातला बहुतेक एकुलता एक कॉम्प्युटर. अक्कांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जिची लाइन सगळ्यात मंद, तिच्या बेतानं लिवायचं. मोठाले फोटो टाकायच्या आधी रुक्मिणला आठवा." मला विचाराल तर सगळ्या फळ्यावर हा एकच नियम पुरेसा होता, आणि तो फक्त ईमेललाच लागू आहे असंही मला वाटत नाही.

शेवटचा नियम लिहिताना अक्का जरा थांबल्या. "इथलं इथंच. पोरीनं इथं काय सांगितलं तर ते तिचं हाय. नवऱ्याला न्हाई, जावेला न्हाई, सख्ख्या आईलाबी न्हाई सांगायचं. आन कुणाचं नाव तिला न इचारता कुठं घालायचं न्हाई."

तेव्हा रुक्मिणनं हात वर केला. "अक्का, आन जिला काय लिवायलाच येणार न्हाई ती?"

"तिनं ऐकावं. ऐकणारीबी लागतीच की गं."

पहिल्याच महिन्यात आमची फजिती झाली, आणि ती आमच्याकडच्याच बायकांची होऊ शकते अशी फजिती होती. अक्कांना गुलबर्ग्याला कॉलेजात नोकरी लागली. त्यांनी ग्रुपवर लांबलचक पत्र लिहिलं. खोली कशी मिळाली, खिडकीतून काय दिसतं, तिथली कडक भाकरी कशी पापडासारखी मोडते. आता आमच्याकडं कुणी काही सांगायला लागलं की ऐकणारीनं हुंकार भरायचा असतो. नाही भरला तर सांगणारी मध्येच थांबते आणि "झोपलीस का?" म्हणून रुसते. तेव्हा वडीलधाऱ्या अक्कांनी एवढं सांगितल्यावर गप्प बसायचं कसं? प्रत्येकीनं एकेक पत्र धाडलं. कुणी "हूं", कुणी "व्हय अक्का", कुणी "हूं हूं". ज्यांनी आधी धाडलं होतं त्यांनी नंतरच्यांच्या हूंला हूं धाडलं. एकीच्या कॅफेतलं मोठ्या अक्षरांचं बटण अडकलेलं होतं, तिचं हूं तर ओरडल्यासारखं आलं. तिकडं लग्न होऊन गेलेली रुक्मिण बाजारच्या दिवशी दिराच्या दुकानात जायची, लाइन लागेस्तोवर खताच्या पोत्यावर बसायची, आणि पेटी उघडली की नुसते हुंकार. तिचं पहिलं पत्र आलं ते हे: "मी हूं हूं बघायला एवढा वेळ पोत्यावर बसले का? अक्कानं काय लिवलंय ते कुठं हाय?"

अक्कांनी निकाल दिला, "हुंकार मनात भरा." आमचं हसून पोट दुखलं, आणि नंतर खरंच गप्प बसणं आम्ही शिकलो. सोपं नव्हतं ते. पत्र धाडावं आणि पलीकडून काहीच येऊ नये, तरी सगळ्याजणी वाचताहेत असा भरवसा धरावा, याला एक वेगळं काळीज लागतं.

मग वर्षं गेली. ती मला पत्रांच्या पाट्यांवरूनच आठवतात. येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतपूजेची अमावास्या, आली की प्रत्येकीच्या पत्राला तोच एक विषय, येळवस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात मांडलेले पाच दगड, केळीच्या पानावर भज्जी आणि बाजरीचे उंडे, मडक्यातलं ताकाचं आंबील. नाशिकला गेलेली लिहायची, इथं कुणाला येळवस माहीत नाही, मी गॅलरीतच आंबील केलं आणि शेजारीण विचारायला आली, कढी आंबली का तुमची. पुण्याची लिहायची, भज्जीसाठी एकेक शेंग सोलताना रडले. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा मशीनला आपली अक्षरं येत नव्हती. तसल्या मोडक्या अक्षरांतूनसुद्धा मला ओल्या हरभऱ्याचा वास यायचा.

एका वर्षी एक पत्र आलं, त्याला विषयच नव्हता. सुनंदाचं. आमच्यातली सगळ्यात मोठ्यानं हसणारी. नवरा मारत होता, ती पोरीला घेऊन निघाली होती आणि उदगीरला खोली घेऊन राहिली होती. सासरच्यांना पत्ता माहीत नाही, ते शोधताहेत, आणि ती हे फक्त आम्हाला सांगत होती. पाटी कोरी का, असं त्या दिवशी अक्कांनी विचारलं नाही. ग्रुपवर एकही उत्तर पडलं नाही. प्रत्येकीनं तिला एकटीला लिहिलं. मला त्या वेळी आम्हा सगळ्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी इथं उघड सांगते. उचलली जीभ लावली टाळ्याला असल्या आम्ही पोरी, पण सुनंदाचा शब्द आमच्यातून कुठंही फुटला नाही. पुढं ती लिहीत राहिली. शिलाईची पहिली कमाई, पोरीची शाळा, आणि मधूनच, आज जेवण गेलं नाही, आज खूप रडले.

रुक्मिण मात्र हळूहळू गप्प झाली. येळवशीलाही तिचं पत्र येईनासं झालं. तिच्या माहेरच्यांनी भालकीतलं घर विकलं, भाऊ हैदराबादला गेला. तिचा फोन नंबर कुणाकडं नव्हता. आमची पत्रं तिच्या पत्त्यावर जात होती, परत येत नव्हती, एवढंच आम्हाला माहीत.

या हिवाळ्यात अक्कांचा मेल आला. विषय: घर बदलायचं आहे. जिथं आमचा ग्रुप इतकी वर्षं राहत होता ती सेवाच बंद होणार होती. अक्कांनी दुसरी जागा बघून ठेवली होती, पण नियम म्हणजे नियम. ज्या त्या बाईनं स्वतः होय म्हटल्याशिवाय तिचं नाव नव्या जागी जाणार नाही, आणि हे महिनाअखेरच्या आत. सगळ्यांची उत्तरं आली. रुक्मिणचं आलं नाही. एकीनं लिहिलं, मेलेला पत्ता असेल, सोडून द्या. मी भाकऱ्या थापल्या. राग गेला नाही. मग लिहिलं, "भालकीला चुलतबहिणीच्या लग्नाला जायचंच आहे. तशीच निंबर्ग्याला जाते. तोवर रुक्मिणचं नाव कुणी काढायचं नाही."

म्हणून मी त्या बांगड्यांच्या दुकानापुढं उभी होते.

बसवकल्याण, मग आळंद, मग निंबर्गा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली, कुठं झोडपणी. वाळलेल्या तुरीचा तो कोरडा, नाकात चढणारा वास खिडकीतून सारखा आत येत होता. गावात उतरून खताचं दुकान विचारलं. तिथल्या माणसानं कानडीत हाक मारून गल्ली दाखवली, आणि गल्लीच्या तोंडाशीच रुक्मिण दिसली. डोक्यावर सूप, केसांत पांढरं. तिनं मला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि नुसती "अगं बाई, अगं बाई" करत माझे दंड धरून उभी राहिली. मला इतकं भरून आलं की अक्कांचा मेल, होय-नाही, सगळं विसरायला झालं.

अंगणात पाचसहा बायका तूर निवडत बसल्या होत्या. बाजेवर रुक्मिणची सासू, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणते. दोन्ही डोळ्यांत पडदे आलेले. रुक्मिण म्हणाली, "अव्वा, ही माझी भालकीची मैतरीण."

अव्वानं मान वळवली. "लातूरची का? पाय बरा हाय का गं आता तुजा?"

पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले होते. ते मी फक्त ग्रुपवर लिहिलं होतं. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आन पोरगं भेंडी खायलंय का न्हाई अजून?" तिसरी कानडी वळणानं म्हणाली, "सासूसंगं बोलतीस का आता?" माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. सासूबाईंवर मी जे जे लिहिलं होतं ते सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

मी रुक्मिणकडं वळले. तिचा चेहरा उतरला होता.

"आमच्यात पत्र मनातल्या मनात वाचत न्हाईत," ती म्हणाली. "पहिल्यापासनं तसंच हाय. घरात पत्र आलं की मोठ्यानं वाचायचं. मनात वाचली म्हंजे काय तरी लपवायली. हातात फोन आला तवा मी कोपऱ्यात बसून तुमचं वाचायचे. अव्वा म्हणाली, काय लपवायलीस गं? मग वाचून दावलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तिसऱ्या दिवशी तिची जाऊ. कानडीवाल्यांना कानडीत सांगते. दुपार झाली की येऊन बसतात, आज भालकीच्या पोरींचं काय आलंय म्हणून."

"मग तू लिहीत का नव्हतीस?"

"कसं लिवू? इथलं इथंच म्हटलं व्हतं अक्कानं. मी तर रोज मोडायले. तोंड वर करून काय लिवू?"

"आणि आता 'होय' का नाही लिहिलंस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "व्हय लिवलं तर अक्काला फसवल्यावानी. खरं लिवलं तर नाव कापतील. म्हटलं, आपोआप कापलं जाऊ दे, निदान खोटं तर न्हाई." मग हळूच म्हणाली, "पण महिना सरत आला तसं अन्न ग्वाड लागंना गं."

मला हसू येत होतं आणि रडूही. मी तिला बाजूला ओढून विचारलं, "सुनंदाचं? तेसुद्धा वाचलंस?"

तिनं अंगणाच्या कडेला बघितलं. तिथं एक उंच, हाडकुळी बाई मान खाली घालून तूर निवडत होती. "शांतामावशी," रुक्मिण म्हणाली. "सुनंदाच्या नवऱ्याची सख्खी मावशी. मला लई उशिरा कळलं. तवर सगळं वाचून झालतं. उदगीरबी."

मी भडकले. ज्या घरापासून सुनंदा लपली, त्याच घराचं माणूस इथं बसून तिचं रडणं ऐकत होतं! रुक्मिणला काय बोलू नि काय नको असं मला झालं. आमचं बोलणं शांतामावशीच्या कानावर गेलं असावं. तिनं हातातली तूर सुपात टाकली.

"माज्या बहिणीचं पोरगं हाय ते," ती म्हणाली. "तान्हं असताना मीच न्हाऊ घातलंय. बहीण दोनदा येऊन गेली, सून कुठं हाय काय ठाव हाय का म्हणून. न्हाई म्हणाले."

"कामून?" माझ्या तोंडून माझ्या माहेरचंच विचारणं निघालं.

"कामून म्हंजे? तिनं तुमाला सांगितलं व्हतं. मला कुठं सांगितलं? मी नुसती ऐकत बसले व्हते. ऐकलेलं काय आपलं असतंय व्हय?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. आम्ही सगळ्यांनी जो नियम पाळला तो मैत्रिणीसाठी पाळला होता. या बाईनं तो सख्ख्या बहिणीसमोर पाळला होता, आणि तिला तो कुणी फळ्यावर लिहून दिला नव्हता.

मी अक्कांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि रुक्मिणच्या हातात दिला. रुक्मिणनं सगळं सांगितलं, काही न लपवता. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नियम मोडलास रुक्मिण."

"व्हय अक्का."

"माफ करणारी मी कोण? बोललेलं ज्या त्या पोरीचं हाय. सगळ्यात जास्त सुनंदाचं. तिला इचार. ग्रुपवर लिव, सगळ्यांनाच कळू दे. पण तूच लिव."

तेवढ्यात अव्वा बाजेवरून ओरडली, "ए बाई, ऐक! हिचं नाव कापायचं न्हाई. ते काय हिचं एकटीचं नाव हाय का? गल्लीचं हाय ते."

पलीकडं अक्का हसल्या की काय, कळलं नाही.

मग रुक्मिण लिहायला बसली. एका बोटानं, फोनवर, आपल्या अक्षरांत. चौघी चार बाजूंनी सांगायला लागल्या, हे लिव, ते लिव, आणि तिनं सगळ्यांना गप्प केलं. कोण कोण ऐकतं ते लिहिलं. शांतामावशी कोण लागते आणि तिनं बहिणीलाही पत्ता सांगितला नाही, तेही लिहिलं. शेवटी, तुम्हाला चालत नसेल तर मी जाते, माझा राग धरू नका. पाठवलं आणि फोन पालथा घालून ती चुलीपाशी गेली. आम्ही चहा घेतला. तूर निवडून झाली तरी कुणी घरी जाईना. दिवेलागणीची वेळ झाली, सुना-लेकी हाका मारायला आल्या आणि त्याही तिथंच टेकल्या.

फोन वाजला तेव्हा रुक्मिणनं तो आधी माझ्याकडं सरकवला. मी परत तिच्याकडं सरकवला. तिनं उघडला. सुनंदाचं उत्तर होतं, सगळ्यांना धाडलेलं. रुक्मिणनं घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं.

"रुक्मिण, मावशीला सांग, मी इथं खुशाल आहे, पोरगी आता कॉलेजला जाते. आणि बाकीच्यांना सांग, मला वाटायचं माझ्या बाजूनं भालकीच्या मूठभर पोरीच आहेत. अख्खी गल्ली आहे हे आधी सांगितलं असतंस, तर मी जरा कमी रडले असते."

शांतामावशीनं पदर डोळ्यांना लावला. मग पदराआडूनच म्हणाली, "परत वाच."